टेपमधली खरखर

"हा माझा भाऊ नाही," वेल्मा आजी म्हणाल्या.

शाळेच्या हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. आसावरीने घाईघाईने लॅपटॉपवरचा आवाज थांबवला.

आवाज आजींच्या भावाचाच होता. हेन्री ग्रे क्रेन, मोंटानातल्या शायेन आदिवासींचे दिवंगत प्रमुख. कोळशाच्या कंपनीला जमीन नाकारताना १९७३ साली त्यांनी केलेल्या भाषणाची एवढी एकच टेप उरली होती. तिच्यावरून आजपासून मुलं शायेन भाषा शिकणार होती. आजींच्या नातीबरोबर दूर चँडलर शहरातल्या कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत काम करणाऱ्या आसावरीने तीन वीकएंड खपून ती घासूनपुसून लख्ख केली होती. खरखर औषधालाही ठेवली नव्हती.

"तो असा अर्धवट बोलायचा नाही. आमच्या शब्दाचं टोक नुसता श्वास असतो," आजी म्हणाल्या. "तो श्वास कुठे गेला?"

आसावरीच्या लक्षात आलं, आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने तो श्वास खरखर समजून पुसून टाकला होता. शायेन बोलला म्हणून लहानपणी गोऱ्यांच्या शाळेत ज्या माणसाचं तोंड साबणाने धुतलं होतं, त्याचं तोंड तिने पुन्हा एकदा धुऊन काढलं होतं.

"मूळची रॉ फाइल आहे ना तुझ्याकडे?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने, सिद्धेशने विचारलं.

"आहे, पण ऐकवण्यासारखी नाहीये रे. नुसता नॉइज आहे."

"असू दे. प्ले कर."

तिने लावली. खरखर हॉलभर पसरली, आणि तिच्यातून हेन्री बोलू लागले. कंपनीच्या साहेबांना ते शायेनमध्येच 'नाही' म्हणत होते आणि दुभाष्याची वाट बघत साहेब खोकत होते. हॉलमध्ये हशा पिकला. आजी ताठ बसल्या.

"नेआएशे," हेन्री शेवटी म्हणाले. आभारी आहे. शेवटचा ए म्हणजे नुसता श्वास. टेप संपली. आसावरीने लॅपटॉप बंद केला.

"हा माझा भाऊ," आजी म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "म्हणा."

मुलं ओरडली, "नेआएशे!"

"शेवट ओरडायचा नाही. सोडायचा."

मुलांनी पुन्हा म्हटलं. हॉलभर हलकीशी खरखर उमटली. सवयीने आसावरीचा हात लॅपटॉपकडे गेला.

लॅपटॉप बंद होता.