मार कसा लागतो

वासुदेवने निशांतला साडीच्या दुकानातल्या गादीवरून खाली ओढलं, तेव्हा पोराच्या अंगावर अजून गुलाबी साडी होती. सीतलामाता बाजारातली भर दुपारची गर्दी. बायका किंचाळत बाजूला झाल्या. वासुदेवने आधी केस धरले, मग मुस्काटात दिली, आणि पोरगा पडल्यावर कमरेत लाथ घातली.

"अरे भिया, क्या कर रहे हो!" दुकानाचा मालक मध्ये पडला. "काम है इसका. सब लड़के ऐसे ही पहन के दिखाते हैं."

ते खरं होतं. शेजारच्या गादीवरचा मिशावाला सेल्समनही खांद्यावर पदर टाकून उभा होता. पण तो गिऱ्हाइकाकडे बघत होता. निशांत आरशात बघत होता. रस्त्यावरून जाताना वासुदेवच्या नजरेस नेमकं तेच पडलं होतं. पदर सारखा करताना निशांतचा चेहरा असा काही उजळला होता, की एवढं सुख बापाने त्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. त्याचाच त्याला संताप आला.

जुनी इंदूरच्या घरी पोचल्यावर पट्टा निघाला. निशांतची आई सरला आडवी आली, तिलाही दोन बसले.

"मर्द बन!" प्रत्येक फटक्याला वासुदेव ओरडत होता. "मिल गेली, इज्जत गेली, आता हे बघायचं राहिलं होतं का रे?"

मिल चालू होती तेव्हा विणाई खात्यात त्याच्या हाकेवर मागांची ओळच्या ओळ थांबायची. आता त्याचा आवाज फक्त या दोन खोल्यांत चालत होता.

निशांतने हात जोडले नाहीत की आरडाओरडा केला नाही. पट्टा थांबल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, मी मुद्दाम नाही करत. मी आतून असाच आहे."

दुसऱ्या दिवशी वासुदेवने त्याला न्हाव्याकडे नेऊन केस बारीक करून आणले. त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं नाही. वासुदेव रोज बंद मिलच्या फाटकावर कामगारांच्या धरण्याला बसायचा. सरला निशांतच्या हाती डबा पाठवायची. तो डबा लांबूनच जमिनीवर ठेवायचा आणि मान खाली घालून परत फिरायचा. बाकीचे कामगार त्याच्या चालीकडे बघून गालात हसायचे. वासुदेव डबा न उघडताच बाजूला सारायचा.

एका सकाळी ट्रक आले. माग भंगारात विकले गेले होते. कामगार फाटकासमोर आडवे झाले. ठेकेदाराने माणसं आणली होती, त्यांच्या हातांत हॉकी स्टिक होत्या. बोलणं झालंच नाही. पहिला फटका वासुदेवशेजारच्या मारुतीच्या कपाळावर बसला, दुसरा वासुदेवच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो कोसळला. एकाने त्याच्या छातीवर पाय दिला आणि डोक्याचा नेम धरून हॉकी उचलली.

ती खाली आलीच नाही. स्टीलचा डबा त्या माणसाच्या तोंडावर आदळला. भात, वरण, रक्त, सगळं वासुदेवच्या अंगावर सांडलं. वर निशांत उभा होता. त्याने हॉकी हिसकावली आणि मारत सुटला. गुडघ्यावर, मनगटावर, जबड्यावर. एकाचे दात पडले. मागून कुणीतरी त्याच्या कपाळावर साखळी मारली, तरी तो बापापुढून एक पाऊल मागे सरला नाही. पळालेले कामगार हे बघून परत फिरले, दगड उचलले. ठेकेदाराची माणसं ट्रकमध्ये चढून पळाली.

"वासुदेव भिया!" मारुती रक्त पुसत ओरडला. "छोरा तो शेर निकला तुम्हारा!"

सगळे गोळा झाले. काल हसणारे आज निशांतच्या पाठीवर थापा मारत होते. वासुदेवला हाताच्या कळा सोसवत नव्हत्या, पण ऊर भरून आला होता. कितीतरी दिवसांनी चार माणसांत त्याची मान वर झाली होती.

"आज दाखवलंस रे," तो म्हणाला. "मर्द निघालास."

निशांत त्याच्याशेजारी मातीत मटकन बसला. हॉकी हातातून गळली. कपाळावरून रक्त पापणीवर उतरत होतं.

"नाही बाबा." आवाज हळू होता, फक्त बापाला ऐकू जाईल एवढाच. "मर्द म्हणून नाही आले मी. तुम्ही मार खात होता, म्हणून आले. मार कसा लागतो, ते मला माहिती आहे."

वासुदेवने दोन्ही वेळा नीट ऐकलं. *आले.* आजूबाजूला जयजयकार चालू होता, कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याचा धड हात वर उठला.

आत्ताच इतक्या जणांना पुरून उरलेल्या त्या पोराने गप्पकन डोळे मिटले. खांदे आखडून घेतले. मान थोडी पुढे केली, मार नीट बसावा म्हणून.

हात कपाळावरच्या जखमेपाशी येऊन थांबला. वासुदेवने अंगठ्याने पापणीवरचं रक्त पुसलं.

"फार लागलं का गं?" तो म्हणाला.