पेपरमिंटची गोळी

आमच्या फ्रीसलंडात घोड्याचा सौदा टाळ्यांवर चालतो. भाव बदलला की एकमेकांच्या तळहातावर टाळी, हात धरला की व्यवहार पक्का. हिल्के म्हाताऱ्याची काळीभोर फ्रीजियन घोडी घ्यायला आलेल्या रिन्स्काच्या पाच टाळ्या देऊन झाल्या. सहाव्या वेळी म्हाताऱ्याने हात कोटाच्या खिशात घातला. आता हा भाव चढवणार, असं तिला वाटलं. “अहो, काढा की हात!” दारातून त्याची बायको ओरडली. “जन्मभर घोडे विकलेत, आणि आज नव्या नवरीसारखे लाजताय?” हिल्केने टाळी दिली आणि रिन्स्काचा हात घट्ट धरला. तिच्या तळव्यात काहीतरी रुतलं. पाहते तर पेपरमिंटची गोळी. “घोडी रोज चार वाजता मागते,” तो म्हणाला. “विसरलीस तर दाराला लाथा घालते.” मग सवयीने त्याने आपला रिकामा तळहात घोडीपुढे धरला. तिने तो एकदा हुंगला, आणि मान रिन्स्काच्या मुठीकडे वळवली.