अंधारातली शेवटची पाळी

"उजवीकडून येतेय गं," ताई म्हणाली, आणि बडबडीने अंधारात अंग चोरलं.

कॅमेऱ्याची कोरी फिल्म कापायच्या त्या खोलीत उजेडाची तिरीपही चालत नसे. उजेड लागला की फिल्म जळायची, वाया जायची. बायका एकमेकींना आवाजावरून ओळखत, बडबडीचं नावही त्यावरूनच पडलेलं; बाकी सगळं हातांना ठाऊक. त्यातही ताईचा हात सफाईचा.

आता फोनमध्येच कॅमेरे आले. फिल्म घेतंय कोण? आजची पाळी शेवटची. कंपनी यापुढे फोनच्या कॅमेऱ्यांची भिंगं करणार होती, आणि नव्या विभागात इथली एकच बाई घेणार होती. आधी कमी केलेल्या बायकांच्या जागा कधीच रिकाम्या झाल्या होत्या. तरी तिथून जाताना सगळ्या वळसा घालत. त्या तिथे उभ्याच आहेत जणू.

"तुझंच नाव लागणार बघ," बडबडी म्हणाली.

"लागू दे बाई. कमावणारी मी एकटी. लेकीला काय खायला घालू, अंधार?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"लेक गोड आहे हं तुझी. रोज बोट धरून फाटकापर्यंत येते. जशी आईलाच शाळेत सोडतेय!"

"तिला वाटतं, आई हरवेल."

"आणि डबा खायला तरी बाहेर येत जा की. इथेच काय बसतेस भुतासारखी?"

"उजेडातून परत आलं की चाचपडायला होतं. इथंच बरं."

उजेड अडवणारं दुहेरी दार वाजलं. साहेब आत आले.

"ताई, तुमचं नाव लागलंय. भिंगांवरचे ओरखडे तपासायचे. उद्यापासून या."

बडबडीने तिला घट्ट मिठी मारली. ताईचे हात गार पडले होते.

"बोट फिरवून कळतील ना, साहेब?"

"छे! बोट लावायचंच नाही."

"शिकेन मी," ताई घाईने म्हणाली.

"फिल्मचे डबे बंद झाले ना सगळे? मग आता जळायला काही उरलं नाही. जन्म काढलात इथे, एकदा खोली तरी बघून घ्या. बाहेरच्या माणसाला इथले दिवे लावायला सांगितलंय."

एकीने नाक ओढलं. ताईने चाचपडत बडबडीचा हात शोधला आणि तिच्या कानाशी लागली.

"दिवे लागायच्या आत मला बाहेर ने गं. साहेबांना माझे डोळे दिसायला नकोत."

दिवे केव्हाच लागले होते. पांढऱ्याफटक उजेडात साहेब तिच्यासमोर हातभर अंतरावर उभे होते.