मॅडमच्या सोळा मात्रा

ओवीनं आजच हाती आलेली नोटेशनची चारही पानं उलटीपालटी करून पाहिली. गाणं कुठंच नव्हतं.

सुरुवातीचं म्युझिक होतं, अंतऱ्याआधीचं होतं, शेवटचं तर एकदम भन्नाट होतं. पण मुखडा यायला हवा तिथं तिला अकॉर्डियन शिकवणाऱ्या अन्सारचाचांनी निळ्या पेनानं नुसतं लिहून ठेवलं होतं : ‘मॅडम, सोळा मात्रा.’ अंतऱ्याच्या जागी ‘मॅडम, बत्तीस मात्रा.’

“चाचा, ही मॅडम कोण?”

“गाणारी.” चाचांनी अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले. “ती गाते तवा आपण डाव्या हाताची बटणं दाबायची. हळू. तिच्यावर चढायचं नाय.”

“अहो, पण मी एकटीच आहे!”

उद्या सकाळी दहाला आंतरशालेय स्पर्धा. एकल वादन, सिनेमातलं एक जुनं गाणं, चार मिनिटं. गायचं नाही, साथीला कुणी नाही. आपण अकॉर्डियन घेऊन स्टेज हलवून सोडणार, हे ओवीनं अख्ख्या नववी ‘ब’ला सांगून ठेवलं होतं.

चाचांनी चष्मा वर केला, खाली केला. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं हेच गाणं वाजवलेला माणूस. “पुरं तर लिहिलंय,” ते म्हणाले. खरंच गोंधळले होते ते.

“मग मुखडा वाजवून दाखवा ना.”

भाता उघडला. पहिलं बोट पट्टीवर पडलं आणि चुकलं. दुसऱ्या पट्टीवर गेलं, तिथंही चुकलं. मधलं म्युझिक झोपेतही वाजवणारे चाचा गाण्याची पहिलीच ओळ शोधत होते, अंधारात चप्पल शोधावी तशी. हसावं की गप्प बसावं, ओवीला कळेना.

चाचांच्या पडेगावच्या गल्लीत आठ दिवसांनी पाण्याचा टँकर आला होता. समोरच्या सात मजली बांधकामावर आजचा तिसरा. दारातच जाहेदाचाची ड्रममध्ये पाईप धरून उभी होती. “तीस साल बजाया, और गाना आताच नै!” ती तिथूनच ओरडली. “छडी ले के सिखा इसको, बेटा!”

ओवीनं छडी घेतली नाही, पण शिकवायला बसली. गाणं तिला ऐकून ऐकून तोंडपाठ होतं. “काळी नाही हो चाचा, शेजारची पांढरी. हां. आता घाई नका करू.”

“थांब गं, भात्याला दम घेऊ दे.”

चौथ्या वेळी ओळ नीट आली. शेवटचा लांब सूर चाचांनी छान धरला, सोडला. आता लगेच पुढचा म्युझिकचा पीस. तो तर त्यांचा हातखंडा.

तो आलाच नाही.

चाचांची बोटं पट्ट्यांवर अधांतरी होती. मान डावीकडं वळलेली. भाता उघडा, आवाज नाही.

“वाजवा ना! पुढचं तर तुमचंच आहे.”

“हात वर नाय केला अजून,” चाचा पुटपुटले.

“कुणी?”

“मॅडमनं.” चाचांनी हनुवटीनं डावीकडं खुणावलं. ओवीनं डावीकडं पाहिलं. भिंत होती, कॅलेंडर होतं. ती गोंधळून उभी राहिली, मग उगाच दोन पावलं तिकडं सरकली आणि भिंतीला पाठ लावून तिनं उजवा हात उचलला.

“असा?”

“थोडा आणखी वर.”

तिनं हात वर केला. पीस सुटला. ड्रमजवळची चाची पाईप धरून वळून बघायला लागली, इतका जोरात.

“चाचा,” हात तसाच ठेवून ओवी ओरडली, “उद्या मी कुणाकडं बघू?”

चाचांनी डोळे मिटून घेतले होते, बोटं मात्र चालूच होती.