जागा सोडून

सत्त्याऐंशी साली बेळगावच्या कॉलेजात फोनच्या तारेवरून कॉम्प्युटरवर पहिलं पत्र आलं आणि मी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं वाचलंसुद्धा! दिल्लीच्या प्रशिक्षणासाठी निवडलेल्यांची नावं पत्राच्या माथ्यावर होती, माझं नव्हतं. “परत बग की गं,” निपाणीहून भेटायला आलेली आई म्हणाली. मी मूळ पत्र आलं तसंच कागदावर छापलं. नावांची ओळ लांबल्यामुळं मोडली होती. उरलेली नावं खालच्या ओळीत, सुरुवातीला थोडी जागा सोडून. माझ्या प्रोग्रॅमनं ती ओळच टाकून दिली होती. तिथंच माझं नाव! विड्या वळून पिवळं पडलेलं बोट आईनं त्या कोऱ्या जागेवर टेकवलं. “तुला जागा सोडून का बसवलंय? आमाला शाळंत आसंच बसवायचे.” “न्हाय गं आये! कॉम्प्युटरच्या पत्राचा नियमच हाय, जागा सोडून आलेली ओळ वरच्याच ओळीतली धरायची.” “मग टाकून कुणी दिली?” “माझ्याच प्रोग्रॅमनं.” “त्याला आदी शिकीव!”