कुमुदमावशींचं इंग्लिश

ऐक ना, मधे बोलू नकोस. आमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला त्या कुमुदमावशी येतात ना, अमेरिकेतल्या नातवाशी बोलता यावं म्हणून? सरांनी शिकवलंय, समोरच्याचं कळलं नाही तर हसायचं आणि "व्हेरी गुड" म्हणायचं.

आज क्लास सुटल्यावर त्यांनी माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल लावला. "हाऊ इज पप्पा?" अगदी झोकात विचारलं. पोरगं रडवेलं होऊन इंग्रजीत सांगत सुटलं, की पप्पा बॅग भरून आम्हाला सोडून गेलेत, आता येणारच नाहीत.

मावशी हसल्या. "व्हेरी गुड, बाळा. व्हेरी गुड."

त्यानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि फोन ठेवून दिला.

"जमलं की गं मला," मोबाइल पदरानं पुसत मावशी म्हणाल्या. "काय म्हणाला तो?"

तू काय सांगितलं असतंस?