तालाबाहेरचा ठोका

हेडफोन लावून मुक्ता आपल्या डान्स गेमसाठी नव्या गाण्यावर पावलं दाखवणारे बाण बसवत होती. कोणत्या ठोक्याला कोणता पाय, ते ठरवत होती. एक ठोका मात्र तालात बसेना. तिने तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. शेवटी गाणंच बंद केलं.

ठोका चालूच होता.

तिने हेडफोन काढले, तर आवाज बाथरूममधून येत होता.

"आत्या?"

तिने दार ढकललं, आतून कडी होती. मग तो आवाज थांबला.

मुक्ता दारावर लाथा घालत सुटली. कडी निखळली. आत्या ओल्या फरशीवर पडली होती, हातात तांब्या, ओठ पांढरेफटक. मुक्ताने तिचं डोकं मांडीवर घेतलं, तसे आत्याने डोळे उघडले.

"कधीची ठोकतेय गं!"

"ऐकू येत होतं आत्या," मुक्ताला रडू फुटलं, "मला वाटलं, गाण्यातच आहे."